विश्लेषण : गादी पाठीत, चीर मात्र छातीत! मधल्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया वेगळी का?

पाठ दुखते म्हणून एमआरआय काढला जातो आणि संध्याकाळपर्यंत अहवाल मोबाइलवर येतो. त्यात एक ओळ असते : ‘डी ८-९ पातळीवर गादी सरकलेली, मज्जारज्जूवर दाब.’ डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी असते, पण तोवर अहवाल नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरलेला असतो. कोणी ‘ऑपरेशनच्या नादी लागू नका’ असे बजावतो, तर कोणी ‘लेझरने अर्ध्या तासात’ किंवा ‘टाक्यांविना’ अशी जाहिरात पुढे पाठवतो. हे सगळे सल्ले बहुतेक वेळा कंबरेच्या गादीबद्दलच्या अनुभवातून आलेले असतात. मधल्या पाठीतील गादीचे गणित निराळे आहे. ती क्वचित त्रास देते, पण देते तेव्हा पायांतील बळ आणि लघवीवरील ताबा पणाला लागतो. तिच्यावरील शस्त्रक्रिया मणक्याच्या अवघड शस्त्रक्रियांमध्ये गणली जाते. त्यामुळे येथे दोन्ही बाजूंनी चूक महागात पडते. गरज नसताना केलेले ऑपरेशन आणि गरज असताना घालवलेले महिने, दोन्ही.

मधली पाठ म्हणजे नेमका कोणता भाग?

मानेचे सात, कंबरेचे पाच आणि या दोहोंच्या मधले १२ मणके म्हणजे छातीचे मणके. भारतातील बहुतेक अहवालांत त्यांना ‘डी’ म्हटले जाते, परदेशी लिखाणात ‘टी’. डी ८ आणि टी ८ हा एकच मणका. या प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंनी बरगडी जोडलेली असते आणि बरगड्यांच्या या पिंजऱ्यामुळे हा भाग मान-कंबरेइतका वाकत किंवा वळत नाही. हालचाल कमी म्हणून झीज कमी, आणि म्हणूनच येथील गादी सरकून त्रास होण्याचे प्रमाणही कमी. त्रास देणाऱ्या बहुतेक गाद्या आठव्या मणक्याच्या खालच्या असतात, कारण तेथून पुढे बरगड्यांची पकड सैल होत जाते आणि कंबरेची हालचाल सुरू होते.

मात्र या भागाची एक गैरसोय आहे. मज्जारज्जू साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली उरतात त्या सुट्या नसा, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारख्या. कंबरेची गादी सरकली तर ती सहसा अशा एखाद्या नसेवर दाब आणते. छातीच्या भागात गादीसमोर थेट मज्जारज्जूच असतो, आणि त्याच्याभोवती मोकळी जागा फारच थोडी असते. शिवाय पाठीला येथे बाक असल्याने रज्जू नळीच्या पुढच्या भिंतीला, म्हणजे नेमका गादीच्या बाजूला टेकून असतो. त्यात रक्तपुरवठाही तोकडा. चौथ्या ते आठव्या मणक्यादरम्यान रज्जूला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या कमी असतात. खालच्या भागाची मुख्य भिस्त बऱ्याचदा एकाच मोठ्या धमनीवर असते. ती बहुतेकांत डाव्या बाजूने, नवव्या ते बाराव्या मणक्याच्या आसपास आत शिरते. पोलंडचे अल्बर्ट आदामकिएविच यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस या रक्तवाहिन्यांचा अभ्यास केला; धमनी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

अहवालात गादी दिसली म्हणजे आजार झाला का?

नाही. हा मुद्दा रुग्णांपर्यंत सर्वांत कमी पोहोचतो.

अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९० जणांचे छातीच्या मणक्यांचे एमआरआय तपासण्यात आले. त्यातील ७३ टक्के जणांत काही ना काही बिघाड दिसला. ३७ टक्के जणांची गादी सरकलेली होती आणि २९ टक्के जणांत मज्जारज्जूचा आकारही दबलेला दिसत होता. ही सगळी चालती-फिरती, धडधाकट माणसे होती. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या दर तीन जणांना पकडून यंत्रात झोपवले, तर एकाच्या अहवालात ‘गादी सरकली’ असे लिहून येऊ शकते.

याउलट, त्रास देणाऱ्या गादीचे प्रमाण वैद्यकीय ग्रंथांत वर्षाला दहा लाखांमागे एक असे दिले जाते. गादीच्या एकूण शस्त्रक्रियांमध्ये मधल्या पाठीचा वाटा चार टक्क्यांहून कमी असतो. एमआरआय सार्वत्रिक झाल्यापासून निदान वाढले आहे हे खरे, पण ‘दिसणारी गादी’ आणि ‘त्रास देणारी गादी’ यांतील दरी त्याहून जास्त वाढली आहे.

अहवालाची भाषाही माणसाला आजारी करू शकते, हे भारतातच तपासले गेले आहे. कोइम्बतूरच्या गंगा रुग्णालयातील डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंबरदुखीच्या काही रुग्णांना एमआरआयमधील प्रत्येक दोष सविस्तर सांगितला. इतरांना हे बदल वयानुसार होणारे आहेत असा दिलासा दिला. उपचार सारखेच होते. तरी दोष ऐकलेल्या रुग्णांची प्रगती काही आठवड्यांनी मागे पडलेली दिसली. तो अभ्यास कंबरेचा असला तरी ‘डी ८-९’ वाचून झोप उडालेल्या माणसाला तो लागू पडायला हरकत नाही.

मग धोक्याची लक्षणे कोणती?

दुखण्याचे दोन प्रकार आधी वेगळे करावे लागतात. पहिला, फक्त पाठीत किंवा बरगडीच्या रेषेने पुढे येणारी कळ. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. खोकताना, शिंकताना ती वाढते. स्तनाग्रांच्या पातळीची त्वचा चौथ्या नसेच्या, तर बेंबीच्या पातळीची दहाव्या नसेच्या हद्दीत येते. त्यामुळे कळ कोठे येते यावरून कोणती नस दबली याचा अंदाज बांधता येतो. या प्रकारातील बहुतेक रुग्ण औषधे, व्यायाम, काही वेळा नसेभोवतीचे इंजेक्शन आणि मुख्य म्हणजे वेळ देऊन बरे होतात. १९९२ मधील एका अभ्यासात ५५ रुग्णांपैकी ४० जणांवर शस्त्रक्रिया करावीच लागली नाही आणि त्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक जण पूर्वीच्या कामावर परतले. मऊ गादीचा बाहेर आलेला भाग काही महिन्यांत आपोआप आक्रसल्याचीही उदाहरणे आहेत.

दुसरा प्रकार मज्जारज्जू दबल्याचा. त्यात दुखणे असेलच असे नाही, आणि तेथेच फसगत होते. चालताना पाय जड आणि ताठ वाटतात. पायातील चप्पल निसटते आणि निसटल्याचे कळतही नाही. जिना उतरताना कठड्याला धरावे लागते; अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. छातीच्या किंवा पोटाच्या एका रेषेखाली स्पर्श बोथट होतो. आंघोळीचे पाणी कमरेपर्यंत कोमट आणि वर गरम लागते, अशीही काही रुग्णांची तक्रार असते. लघवीची घाई होते किंवा ती सुरू व्हायला वेळ लागतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला जातो. कंबरेच्या गादीमुळे नस दबते तेव्हा हा प्रतिसाद मंदावतो. येथे उलट घडते. पाच मिनिटांची ही तपासणी कोणत्याही महागड्या चाचणीआधी मधल्या पाठीकडे बोट दाखवते. अर्थात त्यासाठी रुग्णाला तपासणीच्या टेबलावर झोपवून, मोजे काढून पाहायला हवे. गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते.

हा दुसरा प्रकार असेल आणि तो वाढत असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. रज्जूवरील दाब जितका जुना, तितके गेलेले बळ परत येण्याची शक्यता कमी.

निदान चुकते कोठे?

पहिली चूक अवयवाची. छातीभोवतीची कळ हृदयाची समजली जाते, पोटाभोवतीची पित्ताशयाची किंवा मुतखड्याची. ईसीजी, सोनोग्राफी, एण्डोस्कोपी असा फेरा पूर्ण होतो आणि पाठीकडे कोणी पाहत नाही. पोटाच्या कळेवर पित्ताशय काढले आणि कळ तशीच राहिली, असे रुग्णही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले आहेत. हृदयाची शंका आधी दूर करणे मात्र योग्यच. तो क्रम उलटवण्याचे कारण नाही.

दुसरी चूक पातळीची. पायात तक्रार म्हणून एमआरआय फक्त कंबरेचा काढला जातो. साठीच्या माणसाच्या कंबरेत काही ना काही सापडतेच आणि दोष त्यावर ढकलला जातो. काही जणांवर कंबरेची शस्त्रक्रियाही होते, पाय मात्र ताठच राहतात. पाय ताठ आणि प्रतिसाद जोरात असताना कंबरेचा एमआरआय प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही, कारण त्या भागात मज्जारज्जूच नसतो.

तिसरी गोष्ट भारताची. मधल्या पाठीत रज्जू दबण्याची कारणे येथे गादीपुरती मर्यादित नाहीत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयाचा आवडता मुक्काम पाठीचा कणाच. संध्याकाळचा ताप, वजनातील घट, रात्री जागवणारे दुखणे असेल तर आधी तो विचार करावा लागतो, कारण त्यातील बऱ्याच रुग्णांना औषधांनीच बरे करता येते. शाकाहारी लोकांत ब १२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही तोल जातो आणि पाय बधिर होतात. एक रक्तचाचणी आणि इंजेक्शनांचा कोर्स यांवर ते प्रकरण मिटू शकते. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागांत, महाराष्ट्रात चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांचा त्यात समावेश होतो, वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्यांच्या मणक्याभोवतीचे अस्थिबंध हाडासारखे कडक होऊन रज्जू आवळू शकतात. मध्यमवयीन स्त्रियांत रज्जूच्या आवरणाची साधी, कर्करोग नसलेली गाठही याच भागात आढळते. गादीचे निदान पक्के करण्याआधी ही यादी खोडावी लागते.

मागून शस्त्रक्रिया का करत नाहीत?

केली होती, आणि तिचे परिणाम फार वाईट झाले.

छातीच्या भागातील गादीमुळे रज्जू दबल्याची पहिली नोंद लंडनच्या गायज रुग्णालयातील चार्ल्स अॅस्टन की यांनी १८३८ मध्ये केली. पण गादी हा पाठदुखीतील खलनायक म्हणून जगाला कळला तो १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांच्या निबंधानंतर. कंबरेत त्यांची पद्धत झकास चालली. मणक्याच्या मागची कमान काढायची, नस हळूच बाजूला करायची, गादीचा तुकडा उचलायचा. तीच पद्धत छातीच्या मणक्याला लावली गेली. येथे बाजूला करायला नस नव्हती, मज्जारज्जू होता, आणि तो सरकवणे सहन करत नाही. आधीच दबलेल्या आणि रक्ताला आसुसलेल्या रज्जूला मिलिमीटरभर ओढही पुरते. चालत आलेले रुग्ण शुद्धीवर आले तेव्हा पाय हलत नव्हते. लंडनमधील व्हॅलेंटाइन लोग यांनी १९५२ मध्ये अशा ११ रुग्णांचा अनुभव मांडला आणि या पद्धतीतील धोका उघड झाला. नुसती मागची कमान काढून गादीला हात न लावण्याचाही मार्ग काहींनी धरला. पण बाकामुळे रज्जू पुढच्या गादीवर ताणलेलाच राहतो. मागचे दार उघडून पुढचा दाब जात नाही.

मानेत हा प्रश्न १९५० च्या दशकात समोरून, श्वासनलिकेच्या बाजूने जाऊन सुटला. छातीत समोरून जायचे तर वाटेत हृदय, महाधमनी आणि फुप्फुसे. मग वाट सापडली कोठे? क्षयरोगाच्या वॉर्डात.

फ्रान्समध्ये मेनार यांनी १८९४ मध्ये, मणक्याच्या क्षयाने पाय गेलेल्या रुग्णांत बरगडीचा मागचा तुकडा काढून बाजूने पू बाहेर काढला होता. इंग्लंडमध्ये नॉर्मन केपनर यांनी १९३३ मध्ये आणखी बाजूने जाण्याची रीत वापरली. हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ मध्ये छाती उघडून सडलेला मणका पुढून साफ करण्याची पद्धत मांडली. गादीच्या शल्यचिकित्सकांनी या वाटा उसन्या घेतल्या. ह्यूम यांनी १९६० मध्ये बरगडीच्या बाजूने गादी काढली. १९६९ मध्ये पेरो व मन्रो आणि रॅन्सोहॉफ यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी थेट छातीतून. तत्त्व एकच होते. रज्जूला हात लावायचा नाही. त्याच्या पुढे किंवा बाजूला पोकळी करायची आणि गादी रज्जूपासून दूर, त्या पोकळीत ओढून घ्यायची.

आज कोणता मार्ग निवडला जातो?

ते दोन गोष्टींवर ठरते. गादी मध्यभागी आहे की कडेला, आणि ती मऊ आहे की दगडासारखी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एमआरआय नीट देत नाही. त्यासाठी साधा सीटी स्कॅन लागतो. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आणि सीटी काढलाच नाही, तर तो का नाही हे विचारणे रास्त आहे. छातीच्या भागात गादीत चुना साचण्याचे प्रमाण मोठे असते. अशी गादी कधी कधी रज्जूच्या आवरणाला चिकटते, क्वचित ते भेदून आतही शिरते. रज्जूच्या नळीची ४० टक्क्यांहून अधिक जागा व्यापणाऱ्या गादीला ‘जायंट’ म्हटले जाते आणि तिचे ऑपरेशन या संपूर्ण विषयातील सर्वांत जोखमीचे.

कडेची, मऊ गादी पाठीतून, पण तिरक्या वाटेने काढता येते. मणक्याचा सांधा किंवा त्याच्या मुळाचा थोडा भाग कोरून बाजूने आत जातात. मध्यभागी असलेली, कडक गादी बहुतेक तज्ज्ञ छातीच्या बाजूने काढणे पसंत करतात. रुग्णाला कुशीवर झोपवले जाते, दोन बरगड्यांमधून आत शिरून त्या बाजूचे फुप्फुस तात्पुरते मिटवले जाते. कोणत्या बाजूने जायचे हे महाधमनी, यकृत आणि गादीचा कल पाहून ठरते. बरगडीचे टोक आणि मणक्याचा मागचा कोपरा हिऱ्याच्या ड्रिलने कोरला की रज्जूसमोर छोटी गुहा तयार होते. गादी त्या गुहेत पाडली जाते. छातीचे आवरण न उघडता त्याच्या मागून जाण्याची पद्धतही १९९० च्या दशकापासून रूढ आहे. त्याच दशकात दुर्बिणीतून छातीची शस्त्रक्रिया सुरू झाली. मोठी चीर आणि बरगड्या फाकवणे टळल्याने नंतरचे दुखणे कमी झाले, मात्र ती शिकायला फार वेळ लागतो.

प्लेट-स्क्रू प्रत्येकाला लागत नाहीत. बरगड्यांचा आधार असल्याने थोडे हाड काढले तर कणा स्थिर राहतो. जास्त हाड गेले, एकाहून अधिक गाद्या काढल्या किंवा जागा छाती-कंबरेच्या सांध्यावर असली, तर ते बसवावे लागतात.

दुर्बीण, रोबोट, लेझर : जाहिरातीत तथ्य किती?

थोडे आहे. पाठीतून आठ-दहा मिलिमीटरच्या नळीने केली जाणारी एण्डोस्कोपिक शस्त्रक्रिया मऊ आणि कडेच्या गादीसाठी चांगला पर्याय ठरत आहे. काही केंद्रे कडक गादीतही ती वापरतात. रोबोट गादी काढत नाही. तो स्क्रूची दिशा अचूक ठेवायला मदत करतो. ज्या रुग्णाला स्क्रूच लागणार नाही, त्याच्या बिलात रोबोट कशासाठी, हा प्रश्न उरतो. चुना साचलेल्या, रज्जूला चिकटलेल्या गादीवर ‘लेझरने अर्ध्या तासात’ हा दावा तर सरळ दुर्लक्ष करण्याजोगा. चिरेची लांबी हा या शस्त्रक्रियेतील दुय्यम प्रश्न आहे. आत रज्जू हलला की नाही, हा मुख्य. कोणता मार्ग श्रेष्ठ हे ठरवणाऱ्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत, आणि इतक्या दुर्मीळ आजारात त्या होणेही कठीण. त्यामुळे शल्यचिकित्सकाच्या हाताला कोणती वाट सरावाची आहे याला येथे अधिक वजन येते.

चुकीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते?

होऊ शकते, आणि मधल्या पाठीत हा धोका सर्वांत मोठा. कंबरेत खालून मोजले की दोन-तीन मणक्यांत जागा सापडते. येथे बारा मणके जवळपास सारखे दिसतात, खांदे आणि बरगड्या एक्स-रेत आड येतात. काही जणांना बाराऐवजी अकरा किंवा तेरा बरगड्यांच्या जोड्या असतात. काहींचा कंबरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या हाडाशी जुळलेला असतो. मोजणी एकाने चुकली की निरोगी गादी काढली जाते आणि दाब तसाच राहतो. म्हणून एमआरआयमध्ये मान किंवा कंबरेच्या टोकापासून संपूर्ण कणा दिसेल असे एक चित्र घेतले जाते. काही ठिकाणी आदल्या दिवशी सीटीखाली नेमक्या मणक्यात बारीक खूण रोवून ठेवतात. अमेरिकेतील मणका तज्ज्ञांच्या संघटनेने २००१ मध्ये ‘सही करा, खूण करा, एक्स-रे काढा’ अशी मोहीमच राबवली होती.

भूल देतानाही नेहमीपेक्षा वेगळी तयारी लागते. रज्जूला रक्त पोहोचत राहावे म्हणून रक्तदाब खाली जाऊ दिला जात नाही. डोक्याला सूक्ष्म विद्युत संकेत देऊन पायाचे स्नायू उत्तर देतात का, हे सतत पाहिले जाते. संकेत मंदावला की हात थांबतो.

रज्जूच्या आवरणाला छिद्र पडले तर आतील पाणी गळते. कंबरेत अशी गळती अनेकदा विश्रांतीने थांबते. छातीत मात्र श्वास घेताना आतला दाब उणे होतो आणि तो हे पाणी ओढतच राहतो. चुना साचलेली गादी काढताना हा धोका अधिक, त्यामुळे छिद्र बुजवण्याची तयारी आधीच ठेवावी लागते. याखेरीज न्यूमोनिया, जखमेचा संसर्ग आणि बरगडीच्या नसेची महिनोन् महिने रेंगाळणारी जळजळ हे त्रास संभवतात. पाय कायमचे जाण्याची भीती आज १९५० च्या मानाने पुष्कळच कमी झाली आहे. ती शून्य झालेली नाही.

शस्त्रक्रियेने बरे कितपत वाटते?

स्टिलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ७१ रुग्णांच्या ८२ गाद्यांचा आढावा घेतला. त्यातील ६५ टक्के गाद्यांत चुना साचलेला होता. दुखणे असलेल्यांपैकी ८७ टक्के जणांचे दुखणे कमी झाले, लघवी-शौचाची तक्रार असलेल्यांपैकी ७६ टक्के जणांत सुधारणा झाली. पायांतील बळ मात्र ५८ टक्के जणांतच वाढले. गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. आकडे जुने आहेत आणि निवडक रुग्णांचे आहेत. तरी त्यांचा क्रम बोलका आहे. दुखणे लवकर जाते, गेलेली शक्ती तितकी सहज येत नाही. यातून एक विसंगती तयार होते. जोखीम घेण्याचे खरे कारण बळ वाचवणे हे आहे, पण माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखते म्हणून. पाय हळूहळू ताठ होत असताना दुखत नसेल तर तो ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो.

खर्च आणि विम्याचे काय?

येथे पॉलिसीतील बारीक अक्षरे वाचावी लागतात. अनेक आरोग्य विम्यांत ‘सरकलेली गादी’ हा आजार पहिल्या २४ महिन्यांच्या प्रतीक्षा यादीत असतो. अपघाताने झाली असेल तर सूट मिळते. आधीपासून असलेल्या आजारासाठीची कमाल प्रतीक्षा विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली आहे. आणखी एक तरतूद फारशी माहीत नसते. विमा कंपन्यांनी वगळू नयेत अशा १२ आधुनिक उपचारांची यादी नियामकाने २०१९ मध्ये जाहीर केली. त्यात रोबोटिक शस्त्रक्रियेबरोबर शस्त्रक्रियेदरम्यानच्या मज्जासंस्थेच्या देखरेखीचाही समावेश आहे. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते, म्हणून ती मर्यादा किती हे दाखल होण्याआधी विचारलेले बरे. रुग्णालयाने खर्चाच्या अंदाजपत्रकात ही देखरेख धरलेलीच नसेल, तर प्रश्न विम्याच्या पुढचा आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कवच कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. योजनेत मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रिया आहेत. पण योजनेत नोंदलेले प्रत्येक रुग्णालय छातीतून मणक्यापर्यंत जाण्याच्या तयारीचे नसते. मणक्याचा शल्यचिकित्सक, छाती उघडणारा सहकारी, एका फुप्फुसावर भूल देऊ शकणारा तज्ज्ञ, देखरेखीचे यंत्र आणि नंतरचा अतिदक्षता विभाग हे सगळे एका छताखाली लागते. ते प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत एकवटलेले आहे.

संमतीपत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच स्पष्ट केले आहे की, उपचाराचे स्वरूप, पर्याय, जोखीम आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम रुग्णाला समजतील असे सांगितले गेले पाहिजेत. मधल्या पाठीच्या गादीत याचा व्यवहारातला अर्थ असा : माझी लक्षणे नसेची की रज्जूची, गादी मऊ की कडक, कोणत्या वाटेने जाणार आणि का, मणका मोजणार कसा, आणि अशा किती शस्त्रक्रिया या हातांनी केल्या आहेत, ही उत्तरे सहीच्या आधी मिळाली पाहिजेत.

यातील शेवटचा प्रश्न विचारायला रुग्ण कचरतात. पण दहा लाखांमागे एक हा दर २०११ च्या जनगणनेतील ११ कोटी २४ लाख लोकसंख्येला लावला, तर संपूर्ण महाराष्ट्रात वर्षाला असे शंभर-सव्वाशे रुग्ण होतात. ते राज्यभरच्या रुग्णालयांत विखुरले, तर एकेका शल्यचिकित्सकाच्या वाट्याला वर्षातून एखादाच येतो.